वाचवण्याचा करार झाला, जोडणीचा राहिला

अंतराळवीर संकटात सापडला तर त्याला होईल ती सर्व मदत करायची, हे जगाने १९६७ सालीच लेखी मान्य केले आहे. बाह्य अवकाश कराराचे पाचवे कलम अंतराळवीरांना मानवजातीचे दूत म्हणते आणि अवकाशात काम करताना एका देशाच्या अंतराळवीरांनी दुसऱ्या देशाच्या अंतराळवीरांना शक्य ती मदत केली पाहिजे, असे बजावते. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, सुटकेचा वेगळा करार झाला. शीतयुद्ध ऐन भरात होते, चंद्रावर आधी कोण पोहोचणार याची चुरस शिगेला गेली होती, तरी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही त्यावर सह्या केल्या. माणसाचा जीव शर्यतीच्या वर ठेवणारा हा करार मला विसाव्या शतकातल्या सर्वांत उमद्या करारांपैकी एक वाटतो.

गोम अशी की मदत पोहोचायची कशी, याबद्दल दोन्ही करार गप्प आहेत. १९६८ चा करार तर मुख्यतः परतताना भलत्याच देशात किंवा समुद्रात उतरलेल्या अंतराळवीरांचा विचार करतो. वर अवकाशात, मदतीला आलेल्या यानाचे दार अडचणीतल्या यानाच्या दाराला बसेल का, एकाची वीज दुसऱ्याला चालेल का, एकाने मारलेली हाक दुसऱ्याच्या रेडिओवर ऐकू जाईल का, हे सगळे अभियंत्यांच्या समित्यांवर सोडून दिले गेले. त्या समित्यांनी काम उत्तम केले आहे. पण त्यांनी घडवलेली मानके आजही बहुतांशी ऐच्छिक आहेत आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. खोल अवकाशात माणसे पाठवायची असतील तर जिवाशी थेट संबंध असलेल्या मोजक्या जोडण्यांची मानके सक्तीची हवीत. ती न पाळणाऱ्या यानाला माणसे नेण्याचा परवाना मिळता कामा नये.

हा पुढच्या पिढीने सोडवायचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २०२४ साल आठवावे. ५ जूनला बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स बोइंगच्या स्टारलायनर यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले. वाटेत हेलियमची गळती झाली, काही थ्रस्टर, म्हणजे यानाला दिशा देणारी छोटी इंजिने, ऐनवेळी बंद पडले. ऑगस्टमध्ये नासाने ठरवले की स्टारलायनर रिकामेच परत आणायचे आणि या दोघांनी स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून यायचे. इथवर सगळे नीट होते. दोन्ही यानांची डॉकिंगची, म्हणजे अवकाशात जोडले जाण्याची, तोंडे एकाच मानकानुसार घडवलेली, त्यामुळे स्थानकाला कोणतेही यान लागू शकत होते. अडले ते अंगावरच्या पोशाखापाशी. त्यांचे पोशाख स्टारलायनरसाठी शिवलेले. हवा आणि संपर्क पुरवणारी नळी ज्या ठिकाणी जोडायची ती जोडणी ड्रॅगनमध्ये वेगळी. दोन रिकामी आसने घेऊन नवे ड्रॅगन सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचले. मधल्या काही आठवड्यांत स्थानक सोडून पळायची वेळ आली असती तर? तर दोघांनी तिथे आधीपासून लागलेल्या ड्रॅगनमध्ये, आसनांखालच्या सामानाच्या जागेत, फोमवर पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन यायचे, अशी तजवीज केलेली होती. तिथे पोशाखाची नळी जोडायला काहीच नव्हते.

पोशाखाची जोडणी ही काही किरकोळ बाब नव्हे. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ हे सोव्हिएत यान परतताना हवेचा दाब सांभाळणारी एक झडप वेळेआधी उघडली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे अंतराळवीर अवकाशातच मरण पावले. दाबाचे पोशाख त्यांच्या अंगावर नव्हते. त्यानंतर उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळी पोशाख घालण्याचा नियम झाला. स्टारलायनर आणि ड्रॅगन ही दोन्ही याने एकाच संस्थेच्या एकाच कार्यक्रमासाठी, पन्नासेक वर्षांचा हा अनुभव गाठीशी असताना बनली. दोन वेगवेगळी याने हवीत, एक अडले तर दुसरे हाताशी हवे, हाच त्या कार्यक्रमाचा हेतू. तरीही दार सारखे करण्याची अट घातली गेली आणि पोशाखाचे तोंड सारखे करण्याची राहून गेली.

अपोलो-१३ या अमेरिकी चांद्रमोहिमेची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. एप्रिल १९७० मध्ये पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर मुख्य यानाची प्राणवायूची टाकी फुटली आणि तिघांनी चंद्रावर उतरण्यासाठी सोबत जोडलेल्या चांद्रयानाचा आसरा घेतला. दोन माणसांना दोन दिवस पुरेल अशा हिशेबाने बनवलेले ते यान तिघांना सुमारे चार दिवस जगवणार होते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी लिथियम हायड्रॉक्साइडची डबडी संपत आली. मुख्य यानात तशी डबडी भरपूर शिल्लक होती, पण ती चौकोनी, आणि चांद्रयानातले खाचे गोल. एक यान एका कंपनीने बनवलेले, दुसरे दुसरीने. दोघींचा ग्राहक एकच, आणि दोन्ही याने एकमेकांना जोडूनच प्रवास करणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. जमिनीवरच्या अभियंत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून एक जोड तयार केला, त्याची कृती रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली, आणि तिघे वाचले. त्या कल्पकतेचे कौतुक करावे तेवढे थोडे.

दुसरा अर्धा भाग टाकीचा आहे. टाकीतल्या हीटरला नियंत्रित करणारे थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. प्रक्षेपणस्थळावरची यंत्रणा ६५ व्होल्ट पुरवत असे. १९६५ मध्ये हीटरसाठी ६५ व्होल्टची सुधारित अट निघालीही. स्विच मात्र जुनेच राहिले आणि पुढे कोणाच्याही तपासणीत ते सापडले नाही. मार्च १९७० च्या सरावात टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना, म्हणून हीटर सुमारे आठ तास चालू ठेवला गेला. जास्त व्होल्टेजमुळे स्विच चिकटून बसले, आतले तापमान भलतेच वाढले, तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण जळाले. बाहेरच्या तापमापकाचा काटा ८० अंश फॅरनहाइटच्या पुढे जातच नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्याला काही वावगे दिसले नाही. म्हणजे ज्या अपघातातून चौकोनी-गोलाचा पेच उभा राहिला, तो अपघातही जोडणीच्या विसंगतीतूनच झाला होता. एक विसंगती माणसांना संकटात घेऊन गेली आणि दुसरी त्यांना तिथेच अडकवू पाहत होती.

आज चित्र बरेच सुधारले आहे, हे मान्यच केले पाहिजे. अंतराळ स्थानकाच्या भागीदारांनी, म्हणजे अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांच्या संस्थांनी, २०१० मध्ये डॉकिंगचे आंतरराष्ट्रीय मानक ठरवले आणि ते कोणालाही वाचायला खुले केले. त्यातली मूळ कल्पना १९७५ च्या, अमेरिकी आणि सोव्हिएत यान कक्षेत जोडणाऱ्या अपोलो-सोयूझ मोहिमेतली. व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह या सोव्हिएत अभियंत्याने आणि त्याच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी तेव्हा अशी जोडणी घडवली की जिच्यात घुसणारी बाजू आणि सामावून घेणारी बाजू हा भेदच उरला नाही. दोन्ही तोंडे सारखी, त्यामुळे कोणतेही यान कोणत्याही यानाला लागू शकते. आजच्या मानकातही तेच तत्त्व आहे: तीन मार्गदर्शक पाकळ्या आधी हळुवार पकडतात, मग दोन्ही बाजूंचे बारा-बारा आकडे एकमेकांत अडकून हवाबंद सांधा तयार होतो. पुढे २०१८ मध्ये याच भागीदारांनी खोल अवकाशासाठी आणखी मसुदे मांडले. यानातली इलेक्ट्रॉनिक्स, संपर्क, जीवनाधार, वीज, यानांची भेट, यंत्रहात आणि उष्णतेचे नियंत्रण हे त्यांचे विषय. संदेशांच्या रचनेसाठी तर १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय सल्लागार समिती काम करते आहे आणि तिची मानके जगभरच्या शेकडो मोहिमांनी वापरली आहेत.

मग तक्रार कशाची? तक्रार ही की या सगळ्यामागे सदिच्छा आहे, बंधन नाही. चंद्राभोवतीच्या ज्या नियोजित गेटवे स्थानकाला समोर ठेवून हे मसुदे झाले, त्याच्याच भवितव्यावर २०२५ च्या अमेरिकी अर्थसंकल्पी प्रस्तावाने प्रश्नचिन्ह लावले. ज्या प्रकल्पासाठी मानक घडले तो प्रकल्प डळमळला की मानक पाळण्याची निकडही डळमळते. खासगी कंपन्या आपापली याने, पोशाख, चंद्रावर उतरणारी वाहने बनवत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीला आपली जोडणी आपल्याच ताब्यात ठेवण्यात धंद्याचा फायदा दिसतो. यात त्यांचा दुष्टपणा नाही. पण म्हणूनच हा निर्णय त्यांच्यावर सोडता येत नाही.

पृथ्वीजवळ विसंगती खपून जाते, हे आपण पंचवीस वर्षे पाहतो आहोत. अंतराळ स्थानकाच्या अमेरिकी भागात वीज १२० व्होल्टची, रशियन भागात २८ व्होल्टची. मध्ये व्होल्टेज बदलणारे परिवर्तक बसवून देवघेव चालते. पिण्याच्या पाण्याचे तर आणखी बोलके आहे. पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून अमेरिकी बाजू आयोडीन वापरते, रशियन बाजू चांदी. दोन्ही पाणी एकत्र आले तर आयोडीन आणि चांदीचा संयोग होऊन साका बसतो आणि जंतुनाशक म्हणून दोन्ही निकामी होतात. त्यामुळे एकीकडचे पाणी दुसरीकडे द्यायचे तर आधी एक द्रव्य काढावे लागते, मग दुसरे घालावे लागते. एकाच छताखाली राहणारी माणसे, एकच हवा घेणारी, पण पाण्याला मात्र सोवळे. तिथे हे चालते, कारण खाली चारशे किलोमीटरवर पृथ्वी आहे, काही तासांत परत येता येते, आणि काही महिन्यांनी नवे परिवर्तक, नव्या गाळण्या घेऊन मालवाहू यान येते.

चंद्रापासून परतायला तीन-चार दिवस लागतात. मंगळावरून परतायला महिने लागतात, आणि निघण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा येते. तिथे संदेश एका दिशेने जायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात. कृती वाचून दाखवणारा आवाज कानाशी नसतो. तिथे संकट आले तर मदत करू शकेल तो फक्त आसपास जो असेल तो. त्याचा देश, त्याची कंपनी, त्याचा झेंडा निवडण्याची मुभा संकटातल्या माणसाला नाही.

मानकांविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला खरोखर वजनदार वाटतो. मानक म्हणजे आजच्या ज्ञानाला घातलेली गाठ. उद्या अधिक चांगले काही सुचले तरी सगळे जुन्या मापाला बांधलेले राहतात. डॉकिंगच्या मानकातल्या मार्गाचा व्यास ८०० मिलिमीटर आहे. स्थानकाच्या अमेरिकी भागाची जुनी चौरस दारे सुमारे सव्वा मीटरची होती आणि त्यांतून प्रयोगांच्या मोठ्या कपाटांची ने-आण होत असे. नव्या गोल मार्गातून ती कपाटे जात नाहीत. माणूस जातो, पिशव्या जातात, पण अवजड यंत्र आत न्यायचे तर ते सुटे करूनच. चंद्रावरच्या तळाला हे माप पुरेल का, याची मला शंका आहे, आणि तिथे मोठ्या मापाचे दुसरे मानक लागेल असा माझा अंदाज आहे.

पण या आक्षेपाचे उत्तर मानकाच्या रचनेतच आहे. डॉकिंगचे मानक फक्त दोन तोंडे जिथे टेकतात तो पृष्ठभाग ठरवते: पाकळ्यांचा आकार, आकड्यांच्या जागा, कड्यांची मापे. त्यामागची यंत्रणा कशी असावी याबद्दल ते काही सांगत नाही. म्हणूनच नासाची, युरोपची आणि स्पेसएक्सची यंत्रणा आतून एकमेकींपेक्षा निराळी आहे आणि तरीही तोंडे जुळतात. कंपनीचे गुपित कंपनीकडे राहते, देशाचे निर्यातबंदीचे कायदेही मोडत नाहीत. आणि मानक दगडावर कोरलेले नसते. २०१० पासून त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. कल्पकतेला खरी जागा यंत्राच्या आत असते. तोंडाचे माप प्रत्येकाने वेगळे ठेवण्यात कल्पकता नाही.

मानक नसले तर काय होते, याचे एक उदाहरण माणसांविनाच्या मोहिमेतले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमनचे एक सेवायान इंटेलसॅट-९०१ या इंधन संपत आलेल्या उपग्रहाला जाऊन लागले आणि त्याचे आयुष्य वाढवले. त्या उपग्रहाला डॉकिंगचे तोंडच नव्हते. सेवायानाने त्याच्या इंजिनाच्या नळकांड्यात एक दांडा घालून पकड घेतली, कारण त्या प्रकारचे इंजिन बहुतेक मोठ्या दळणवळण उपग्रहांवर असते. अभियंत्यांनी वाट काढली ती अपघाताने सारख्या राहिलेल्या एका भागातून. माणसे असलेल्या यानाच्या बाबतीत अशा योगायोगावर कोणी विसंबू नये.

मानकांनी सगळे सुटते असेही मी म्हणत नाही. २००३ मध्ये परतताना नष्ट झालेल्या कोलंबिया शटलला उड्डाणाच्या वेळीच इजा झाली होती. त्याला डॉकिंगचे तोंड असते तरी ते अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचू शकले नसते, कारण दोघांच्या कक्षांचा कलच वेगळा होता आणि तो बदलण्याइतके इंधन शटलमध्ये नव्हते. कक्षेच्या गणिताला कोणताही करार वाकवू शकत नाही.

शिवाय मानक कागदावर असणे आणि पाळले जाणे यांत फार मोठे अंतर आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या धक्क्याचे आकडे पाउंडात दिले आणि पुढच्याने ते न्यूटन समजून वापरले. फरक साडेचार पटींच्या आसपास. मेट्रिक एकके वापरावीत हे जोडणीच्या दस्तऐवजात लिहिलेले होते. लिहिले होते आणि तरीही यान गेले, कारण दोन्ही बाजू प्रत्यक्ष जोडून कोणी नीट पडताळल्या नव्हत्या.

याच्या उलट उदाहरण कॅसिनी-हॉयगन्सचे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. युरोपचे हॉयगन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरताना आपले संदेश अमेरिकेच्या कॅसिनीकडे पाठवणार होते. १९९७ मध्ये दोघे एकत्र निघाले. वाटेत असताना, २००० मध्ये, युरोपीय संस्थेच्या बोरिस स्मेड्स या अभियंत्याने आग्रह धरला की खऱ्या परिस्थितीसारखा, वेगामुळे वारंवारता सरकलेला संदेश पृथ्वीवरून कॅसिनीला पाठवून पाहू. पाहिले, तर कॅसिनीवरचे संदेश घेणारे ग्राहकयंत्र त्या सरकलेल्या संदेशातली माहिती उलगडू शकत नव्हते. उड्डाणापूर्वी अशी संपूर्ण चाचणी झालीच नव्हती. ग्राहकयंत्र दुरुस्त करणे आता शक्य नव्हते, म्हणून मोहिमेचा मार्गच बदलला गेला, जेणेकरून दोन्ही यानांतला सापेक्ष वेग कमी राहील. १४ जानेवारी २००५ रोजी हॉयगन्स टायटनवर उतरले आणि त्याची छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली. म्हणून सक्ती करायची तर ती मानक ‘मान्य आहे’ असे लिहून देण्याची नको. दोन वेगळ्या उत्पादकांची यंत्रे एकमेकांना प्रत्यक्ष जोडून, तिसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीखाली तपासण्याची हवी, आणि निकाल सर्वांना पाहता यायला हवेत.

सर्वांत अवघड भाग राजकारणाचा आहे. आज चंद्राकडे दोन गट निघाले आहेत. एक अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस कराराचा, दुसरा चीन आणि रशियाच्या चांद्रतळाचा. आर्टेमिस कराराच्या २०२० च्या मसुद्यात परस्परजुळणीचे स्वतंत्र कलम आहे, पण ते सही करणाऱ्यांपुरते. चंद्राभोवतीच्या संपर्कासाठी नासा, युरोप आणि जपान मिळून लूनानेट या संपर्कजाळ्याची मानके घडवत आहेत. चीनचा च्येछ्याओ-२ हा संपर्क उपग्रह मार्च २०२४ पासून तिकडे गेलेला आहे. चंद्रावर घड्याळे पृथ्वीच्या तुलनेत दिवसाला सुमारे ५६ ते ५९ मायक्रोसेकंद पुढे जातात. एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, म्हणजे वेळेचा मेळ न ठेवता दिशादर्शन केले तर एका दिवसात चूक सुमारे १७ किलोमीटरवर जाईल. यासाठी चंद्राची प्रमाणवेळ ठरवण्याचे काम अमेरिकेने २०२४ मध्ये नासाकडे सोपवले. दोन गटांनी दोन प्रमाणवेळा ठरवल्या, तर एकाने सांगितलेले ठिकाण दुसऱ्याला शोधता येणार नाही.

प्रतिस्पर्ध्यांना हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांना मी मंगळाकडे बोट दाखवीन. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानाने चीनच्या झुरोंग या मंगळगाडीचा संदेश पकडून पृथ्वीवर पोहोचवला. एरवी कक्षेतले यान आधी हाक देते, खालची गाडी ओ देते आणि मग संभाषण सुरू होते. झुरोंगचा रेडिओ मार्स एक्स्प्रेस ज्या वारंवारतेवर हाक देते ती ऐकूच शकत नव्हता. म्हणून ठरल्या वेळी झुरोंगने कोणाची हाक न ऐकता, अंदाजाने, दहा मिनिटे संदेश सोडत राहायचे आणि वरून जाणाऱ्या मार्स एक्स्प्रेसने कान लावून बसायचे, असा प्रयोग केला गेला. सुमारे चार हजार किलोमीटरवरून संदेश मिळाला, तो जर्मनीतल्या डार्मस्टाटला आला आणि तिथून बीजिंगला गेला. शास्त्रज्ञांची इच्छा असली की एवढे होते. पण झुरोंगच्या जागी माणसे असती आणि त्यांना वरून काही सांगायचे असते, तर त्यांना ते ऐकू आले नसते.

समुद्रावर नेमके हेच शंभर वर्षांपूर्वी घडत होते. मार्कोनी कंपनी आपली बिनतारी यंत्रे जहाजांवर बसवी आणि ती चालवणाऱ्यांना दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू देत नसे. तो धंद्याचा डाव होता आणि काही काळ यशस्वीही झाला. जर्मनीने १९०३ मध्ये बर्लिनला परिषद बोलावली. १९०६ च्या करारात किनाऱ्यावरच्या केंद्रांनी आणि जहाजांनी यंत्र कोणत्या बनावटीचे हे न पाहता एकमेकांचे संदेश घ्यावेत, असे ठरले. एसओएस हा संकटसंकेतही त्याच करारातला. कंपनीने विरोध केला, काही सरकारे रेंगाळली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच लंडनला परिषद भरली आणि जहाजा-जहाजांमधल्या संदेशांनाही ही सक्ती लागू झाली. अवकाशातल्या टायटॅनिकची वाट पाहण्याचे आपल्याला काही कारण नाही.

थोडक्यात निभावलेले प्रसंग मात्र घडू लागले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला बारीक तडे गेल्याचे दिसले. त्यातून परतायचे होते ते तिघे नव्याने आलेल्या शेनझोऊ-२१ मधून १४ नोव्हेंबरला खाली आले, आणि चीनच्या स्थानकावर राहिलेल्या तिघांसाठी भरवशाचे यान उरले नाही. २५ नोव्हेंबरला शेनझोऊ-२२ रिकामे पाठवून ती उणीव भरून काढली गेली. चीनला हे जमले, कारण राखीव यान आणि रॉकेट ते तयार ठेवतात आणि स्थानक पृथ्वीच्या अगदी जवळ आहे. हाच प्रसंग चंद्राच्या कक्षेत घडला आणि जवळचे एकमेव सुस्थितीतले यान दुसऱ्या गटाचे असले तर काय करायचे, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही. चीनची डॉकिंग यंत्रणा मुळात अपोलो-सोयूझच्याच कुळातली आहे, म्हणजे तांत्रिक दरी भरून निघण्यासारखी आहे. पण अमेरिकेच्या २०११ पासूनच्या कायद्याने नासाला चीनशी थेट द्विपक्षीय सहकार्य करण्यावर कडक निर्बंध आहेत. तो कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण मानके द्विपक्षीय नसतातच. ती संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या बाह्य अवकाश समितीत मांडता येतात; तिथे अमेरिका, चीन, रशिया आणि भारत सगळेच सदस्य आहेत.

भारताला इथे बरेच करता येण्यासारखे आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतली दोन याने कक्षेत एकमेकांना जोडली गेली आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला. त्यातली डॉकिंग यंत्रणा दोन्ही बाजूंनी सारखी, आंतरराष्ट्रीय मानकाशी मिळतीजुळती, पण आकाराने लहान आहे. मे २०२५ मध्ये इस्रो आणि युरोपीय अंतराळ संस्थेने पृथ्वीजवळच्या कक्षेत आपली डॉकिंग यंत्रणा एकमेकांशी जुळती करण्याच्या दिशेने काम करायचे मान्य केले. भारताने २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली आहे आणि रशियाशी त्याचे अवकाशसंबंध जुने आहेत. दोन्ही गटांशी बोलू शकणारे देश थोडे आहेत. २०३५ पर्यंत उभ्या राहायच्या भारतीय अंतराळ स्थानकाची जोडणी मानकाशी नुसती मिळतीजुळती न ठेवता तंतोतंत जुळती ठेवावी, आणि तिची चाचणी परक्या यंत्रणेला जोडून करावी, हे इस्रोने आत्ताच जाहीर करावे असे मला मनापासून वाटते.

व्हिएन्नात सगळी मानके एकदम मांडली तर दहा वर्षे चर्चाच चालेल. म्हणून यादी आखूड ठेवावी: डॉकिंगचे तोंड, पोशाखाची आपत्कालीन जोडणी, अडलेल्या यानाला तगवण्यापुरती वीज देणारा सांधा, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डबीचे माप, आणि संकटात हाक मारायची एक सामाईक वारंवारता. इंधन, यंत्रहात, संगणकाची आतली रचना हे सगळे नंतर, आणि ऐच्छिक राहिले तरी चालेल. या पाचांतही सुरुवात वारंवारतेपासून करावी. ती सर्वांत स्वस्त आहे, तिच्यात कोणाचे गुपित नाही, आणि तिला पायंडाही आहे. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून बुडणारी जहाजे आणि कोसळलेली विमाने उपग्रहांवरून शोधण्याची कोस्पास-सारसॅट ही व्यवस्था ठरवली. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाचा, जून १९८२ मध्ये सोडलेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसे त्याच्यामुळे सापडली. ती व्यवस्था आजही चालू आहे आणि संकटात सापडलेल्याकडून ती एक पैसाही घेत नाही. चंद्राच्या कक्षेतल्या आणि चंद्रावरच्या प्रत्येक मानवी यानाने एक ठरलेली वारंवारता अहोरात्र ऐकली पाहिजे आणि तिच्यावर उत्तर देता आले पाहिजे, एवढे कलम १९६८ च्या कराराला जोडण्याचा ठराव समितीच्या पुढच्याच अधिवेशनात यायला हवा.